कातडीला लागतं तरी काय?



आज जरा वेगळा विषय. सत्तरी उलटलेल्या निवृत्त मास्तरणीने तोंडाला काय लावावं नि काय लावू नये यावर लिहायचं म्हणजे आमच्या घरातली अर्धी मंडळी हसणार. हसू देत बापडी! पस्तीस वर्षं खडूच्या भुकटीत हात घातलेत मी. कोरड्या कातडीवर चार शब्द बोलायचा अधिकार मला नाही तर कुणाला?

निमित्त झालं नातीचं. ती पुण्याला नोकरी करते. दिवाळीला भंडाऱ्याला आली आणि न्हाणीघरातल्या फळीवर तिने आपलं सामान मांडलं. मोजायची सवय अजून जात नाही, म्हणून मोजलं. अकरा नग! बाटल्या, डब्या, ट्यूबा आणि एक थेंब पाडायची शिशी. म्हटलं, "बाई गं, एकेकाचं काम तरी सांग." तीही हौसेने सांगत गेली. हे धुवायला, हे धुतल्यावर पुसायला, हे डागाला, हे चमक यायला... सहाव्या बाटलीशी आली तेव्हा म्हणाली, "आजी, चौथीने कातडी सोलवटते ना, तिला शांत करायला ही." आणि आठवी? सहावीने चेहरा तेलकट होतो म्हणून!

मी मराठी आणि इतिहास शिकवायची, गणित नव्हे. तरी एवढी वजाबाकी मलाही येते. चौथी काढली की सहावी लागत नाही, आणि सहावी गेली की आठवीचं काम संपलं. अकराच्या आठ तर बसल्या जागी झाल्या. मग उरलेल्या आठांचीही चौकशी करावी असं मनात आलं. थोडं वाचलं, ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं आणि माझं मत पक्कं झालं. रोजच्या वापराला तीन गोष्टी पुरतात. धुवायला सौम्य साबण, ओल टिकवायला काहीतरी स्निग्ध, आणि उन्हापासून आडोसा. त्वचारोगाचे डॉक्टरही रोजची निगा म्हणून साधारण हेच तीन सांगतात. चौथी वस्तू लागलीच तर ती औषध, आणि ते डॉक्टरने तपासून लिहून दिलेलं.

आता तीनच का, ते सांगते. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो आणि त्या पेशींच्या मधल्या फटींत चरबी भरलेली असते. विटांच्या भिंतीत गारा असतो ना, तसंच. ही भिंत शाबूत असली की आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरची घाण बाहेर. आपण जोरात घासतो, कडक साबण लावतो, सोलणारी आम्लं रोज चोपडतो, तेव्हा विटांमधला गारा निघून जातो. मग आग होते, खाज सुटते, आणि ती थांबवायला आपण आणखी एक बाटली आणतो. भिंत पाडायची आणि मग लिंपत बसायचं, असला हा उद्योग!

पहिली गोष्ट साबण. आपल्या कातडीचा स्वभाव किंचित आम्ल, तर साध्या साबणाचा अल्कधर्मी. म्हणून साबण जितका जास्त, तितका कोरडेपणा जास्त. साबणाच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत 'टीएफएम' लिहिलेलं असतं, म्हणजे त्यातल्या एकूण स्निग्ध द्रव्याचं प्रमाण. भारतीय मानकाप्रमाणे ७६ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर पहिली प्रत, ७० ला दुसरी आणि ६० ला तिसरी. ज्यावर 'बेदिंग बार' छापलेलं असतं तो वेगळा प्रकार, त्यात याहून कमी चालतं. अर्थात बेदिंग बार म्हणजे वाईटच असं नाही. कोरड्या कातडीसाठी मुद्दाम केलेल्या काही सौम्य वड्याही त्याच नावाने विकल्या जातात. सांगायचं इतकंच की वासावर आणि वेष्टनावरच्या नटीवर न जाता मागची बाजू वाचावी. चष्मा लागतो, पण वाचता येतं!

आमच्या वयाच्या मंडळींनी तर काखा, जांघा आणि पाय एवढ्यालाच साबण लावावा. बाकी अंगाला पाणी पुरतं. आणि ते पाणी कोमट असावं. पौष-माघात बंबातलं कढत पाणी भडाभड अंगावर घ्यायचं आणि मग रात्रभर पोटऱ्या खाजवत बसायचं, हे आमच्या पिढीचं ठरलेलं दुखणं. वय वाढलं की कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी मंदावतात, त्यात कढत पाणी उरलंसुरलं तेल काढून नेतं. एक मात्र लक्षात ठेवा. अंगावर पुरळ काही नाही आणि तरी खाज हटत नाही, असं असेल तर मलमं बदलत बसू नका. मधुमेह, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांपैकी कशाचीही ती खूण असू शकते. रक्त तपासून घ्या.

दुसरी गोष्ट स्निग्ध. व्हॅसलीनचं पेटंट अमेरिकेत १८७२ साली घेतलं गेलं. दीडशे वर्षं उलटली, तरी आतलं पाणी धरून ठेवण्यात या स्वस्त डबीला मागे टाकणारं फारसं काही निघालेलं नाही. आपल्याकडे खोबरेल आहे. झाडीपट्टीत मोहाच्या बियांचं म्हणजे टोळीचं तेलही भेगांना लावत आले आहेत. पण लावायची वेळ महत्त्वाची. तेल काही कातडीला पाणी देत नाही, आहे ते जाऊ देत नाही. म्हणून आंघोळ झाल्यावर अंग नुसतं टिपायचं आणि ते ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत लावायचं. कोरड्या ठक्क अंगावर दुपारी तेल चोळण्यात निम्मा फायदा वाया जातो. ज्यांना मुरुमं येतात त्यांनी चेहऱ्याला खोबरेल लावू नये, भोकं बुजून मुरुमं वाढतात. त्यांच्यासाठी बिनवासाचं, हलकं मॉइश्चरायझर बरं.

तिसरी गोष्ट ऊन. आमच्या भंडाऱ्याला मे महिन्यात नवतपा लागला की पारा पंचेचाळीसपर्यंत जातो. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. इथे सगळ्यात चांगलं सनस्क्रीन म्हणजे दुपट्टा आणि घड्याळ. अकरा ते चार बाहेर पडू नये, पडलंच तर डोकं, मान आणि हात झाकून. गाडीवरून जाणाऱ्या मुली तोंडाला स्कार्फ गुंडाळतात त्यांना आपण हसतो, पण शहाण्या आहेत त्या. ज्यांना वांग आहेत त्यांना मात्र सनस्क्रीन हवंच, कारण उन्हाने वांग गडद होतात. पण त्यातही ५० च्या आकड्यामागे धावायचं कारण नाही. एसपीएफ ३० चं मलम कातडी भाजणारे किरण सुमारे ९७ टक्के अडवतं आणि ५० चं सुमारे ९८. फरक एका टक्क्याचा! खरा फरक पडतो तो भरपूर लावण्याने आणि घाम आल्यावर, दोन तासांनी पुन्हा लावण्याने.

झाल्या तीन गोष्टी. आता प्रश्न असा की बाकीच्या आठांनी बिघडतं काय? पैसे तिचे, चेहरा तिचा. नात मला म्हणालीही, "आजी, दिवसभर लॅपटॉपसमोर बसते, रात्रीची ती पंधरा मिनिटंच माझी असतात." हे मला पटलं. हौस ही हौस आहे, तिचा हिशेब मागू नये. आम्ही नाही का मोगऱ्याच्या गजऱ्यावर पैसे घालवले! पण हौस आणि गरज यांची फळी वेगळी असावी. हौस म्हणून लावलेलं एखादं सीरम राहिलं तर काही बिघडत नाही, हे मनाला माहीत हवं. ते राहिलं म्हणून रात्री झोप लागत नसेल तर मग ती हौस उरली नाही.

आणि मला खरी काळजी वाटते ती शहरातल्या नातीच्या महागड्या बाटल्यांची नाहीच. तिच्या बाटल्यांवर निदान नाव-गाव आहे, आत काय आहे ते छापलेलं आहे. काळजी वाटते ती नाव-गाव नसलेल्या डबीची.

आपल्याच विदर्भातली गोष्ट आहे. अकोल्यातल्या एका घरातल्या तिघीजणी, आई आणि दोन मुली, मूत्रपिंडाच्या आजाराने पडल्या. घराण्यात आजार नाही, काही नाही, आणि तिघी एकदम! मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध लागला तो त्यांच्या चेहऱ्याच्या क्रीमपाशी. ब्यूटिशियनकडून घेतलेलं गोरं करणारं क्रीम, आणि त्यात पारा. २०२३ च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत ही बातमी आली होती. त्याच सुमारास केरळातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनाही हेच दिसत होतं. मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण त्यांनी तपासले, त्यांपैकी १५ जणांत त्या आजाराचा एक दुर्मीळ प्रकार सापडला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचं क्रीम लावत होते.

पारा रंग बनवणारी यंत्रणाच अडवतो, म्हणून चेहरा खरंच उजळतो. इथेच तर फसगत आहे! चार आठवड्यांत फरक दिसतो, शेजारीण विचारते, ती पण डबी आणते. आणि तो पारा कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जाऊन बसतो. जपानमधल्या मिनामाता गावाचं नाव दिलेला एक आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात भारतही आहे. पारा घातलेली सौंदर्यप्रसाधनं बनवणं, आणणं, विकणं बंद करायचं असं त्यात ठरलेलं आहे. पण बिननावाच्या डबीला करार कुठला नि कायदा कुठला!

दुसरी डबी स्टिरॉइडची. नायट्यावर, मुरुमांवर, गोरेपणासाठी म्हणून मेडिकलच्या दुकानातून नुसतं नाव सांगून आणलेलं मलम. दोन दिवसांत आग थांबते, लाली जाते, माणूस खूश! पण आतली बुरशी तशीच राहते, उलट पसरते. चेहऱ्यावर महिनोन्महिने लावलं तर कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, केस उगवतात, आणि मलम सोडलं की पहिल्यापेक्षा दुप्पट आग. म्हणून तर २०१८ साली सरकारने अशी चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकायच्या यादीत टाकली. आमच्या दमट धानपट्टीत नायट्याला काय तोटा? आणि चिठ्ठी मागतो कोण? म्हणून म्हणते, बाटल्या कमी करायला बसाल तेव्हा सुरुवात या दोन डब्यांपासून करा.

याच्याशी लागून एक आठवण. नव्वदच्या दशकात मी एका खेड्यातल्या शाळेत होते. नववीतल्या एका मुलीच्या दंडावर फिकट चट्टा आला. आईने आधी नायट्याचं मलम लावलं. मग कुणी सांगितलं म्हणून एक क्रीम, मग दुसरं, आणि शाळेत येताना वरून पावडर. लग्नाची मुलगी, चारचौघांत दिसायला नको! वर्ष गेलं. एकदा शाळेत तपासणी होती. कुष्ठतंत्रज्ञ आले, त्यांनी मुलीला डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाच्या टोकाने चट्ट्याला हलकेच स्पर्श केला. तिला कळलंच नाही. उपचार सुरू झाले, पूर्ण झाले, व्यंग काही आलं नाही. आज ती दोन मुलांची आई आहे. पण वर्षभर त्या चट्ट्यावर क्रीमचा पडदा होता, हे मी विसरले नाही.

आपल्या पूर्व विदर्भात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत, कुष्ठरोगाचे रुग्ण आजही सापडतात. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर घ्यावं लागतं, आणि रोग पूर्ण बरा होतो. अट एकच, वेळेवर कळायला हवं. त्यामुळे अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आला आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर त्यावर काही म्हणजे काही लावू नका. आधी दाखवा. आशाताई घरी तपासायला येतात तेव्हा त्यांना दारातून परत पाठवू नका.

आता थोडं रंगाबद्दल. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली आलं. मी तेव्हा तरुण होते. २०२० मध्ये त्या नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. डबीवरचा शब्द बदलला, पण स्थळं बघायला जाणाऱ्यांच्या तोंडातला कुठे बदलला? "मुलगी छान आहे, पण रंग जरा..." हे वाक्य मी गेल्याच वर्षी ऐकलं, आणि तेही शिकल्यासवरल्या माणसाच्या तोंडून. पारा विकणारा गुन्हेगार तर आहेच. पण त्याला गिऱ्हाईक तयार करून देतो आपण. घरात पाळण्याशी उभं राहून "आईवर गेली असती तर बरं झालं असतं" म्हणतो, तिथे त्या डबीची पहिली विक्री होते. कातडीची निगा म्हणजे कातडी निरोगी ठेवणं. तिचा रंग बदलणं हा त्या कामाचा भागच नाही. एवढं एक मनाशी ठरवलं तरी निम्मी फळी मोकळी होईल.

काही जण म्हणतील, म्हणून तर आम्ही सगळं घरचंच लावतो. घरचं म्हणजे निर्धोक, असं मी म्हणणार नाही. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजून काळे डाग पडतात. खाण्याचा सोडा, दात घासायची पेस्ट मुरुमांवर लावणं म्हणजे पुन्हा त्या भिंतीचा गारा खरवडणं. दिवाळीतलं उटणं वर्षातून चार दिवस छान, रोज घासलं तर तेही जास्तच. आणि जुनं ते सगळं सोनं असंही नाही. आमच्या आईच्या टाचांच्या भेगांतून हिवाळ्यात रक्त यायचं. तिच्या फळीवर एकही बाटली नव्हती. त्याला साधी राहणी म्हणून मिरवावं असं मला कधी वाटलं नाही. ती परवडत नसल्यामुळे आलेली रिकामी फळी होती.

आणि इथेच मला खरं म्हणायचं आहे ते येतं.

"कमी करा, कमी करा" हा उपदेश अकरा बाटल्यावाल्यांसाठी ठीक आहे. पण आमच्या जिल्ह्यात आषाढ-श्रावणात रोवणी चालते तेव्हा बांधावर उभं राहून बघा. हजारो बाया सकाळपासून संध्याकाळपर्यंत गुडघाभर चिखलात वाकून धानाची रोपं लावतात. दोन आठवड्यांत पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलते, नखं काळी होतात. त्यांना कुणी कमी करायला सांगायचं? त्यांच्याकडे कमी करायला आहेच काय? एकीला मी विचारलं होतं, तर हसून म्हणाली, "बाई, लावाचं तं काय लावाचं जी? चिखलात पाय घातला का सारं धुवूनच जाते."

सारं नाही जात. बांधीत उतरण्याआधी बोटांच्या मध्ये आणि नखांभोवती व्हॅसलीनचा जाड थर दिला तर पाणी बऱ्यापैकी अडतं. घरी आल्यावर स्वच्छ पाण्याने पाय धुवायचे, बेचक्या फडक्याने कोरड्या करायच्या आणि रात्रभर पाय कोरडे ठेवायचे. सूज आली, पू झाला, लाली वर चढायला लागली किंवा साखरेचा आजार असेल तर लगेच आरोग्य केंद्र गाठायचं. बस, एवढंच. नातीच्या एका सीरमच्या किमतीत गल्लीतल्या सगळ्या बायांना पावसाळाभर पुरेल एवढं व्हॅसलीन येईल.

म्हणून 'आवश्यक' या शब्दाचा अर्थ मला दोन्ही बाजूंनी लावावासा वाटतो. ज्याच्याकडे अकरा आहेत त्याने तीनवर यावं, आणि जिच्याकडे काहीच नाही तिच्यापर्यंत ते तीन पोचावेत. पहिलं ज्याचं त्याने करायचं. दुसरं मात्र एकट्या बाईकडून होत नाही, ते सगळ्यांनी मिळून करावं लागतं. बचत गट ठोकाने डब्या आणू शकतात. आणि ज्याच्या बांधीत रोवणी आहे तो मालक बायांना चहा देतोच, त्या चहाच्या किटलीशेजारी एक मोठी डबी आणि कोरडं फडकं ठेवायला त्याला कितीसा खर्च येणार? आमच्या नात्यातल्या, शेती करणाऱ्या मंडळींना हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढच्या आषाढात मी विचारणार आहे, डबी ठेवली का म्हणून. मास्तरीण आहे मी, गृहपाठ तपासल्याशिवाय सोडत नाही!